एसएसडी घेण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा

कोपरखैरण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. २०१८ मध्ये असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० चा बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर टॅली आणि जीएसटीचं काम चालतं. सकाळी मशीन चालू करून चहा पिऊन आलं तरी टॅली उघडत नाही. म्हणून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेला वेगवान ड्राइव्ह, लावायचा आहे. दुकानदार म्हणतो, जेन ४ चा (चौथ्या पिढीचा) एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान जातीचा एसएसडी घ्या, आरामात बसेल. मेहुणा म्हणतो, एवढ्या जुन्या मशीनला तो चालणार नाही, जुन्या जातीचा साटाच घ्या. ऐकायचं कोणाचं?

मी ठाण्यात छोट्या ऑफिसांची आणि दवाखान्यांची कॉम्प्युटर देखभाल करतो. हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो आणि बहुतेक वेळा ड्राइव्ह विकत घेऊन झाल्यावर येतो. तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत. दुकानदार आणि मेहुणा या दोघांचंही म्हणणं तुमच्या मशीनवर खरं ठरू शकतं आणि खोटंही, कारण दोघांपैकी कोणीच तुमचा बोर्ड उघडून पाहिलेला नाही. कोणता एसएसडी चांगला, हे नंतर बघू. तुमच्या बोर्डवर काय चालतं ते आधी ठरायला हवं, आणि ते उत्तर एसएसडीच्या खोक्यावर नसतं. ते बोर्डच्या मॅन्युअलमध्ये, स्टोरेजच्या पानावर असतं.

"एच३१० चा बोर्ड" एवढ्यावरून मला काही सांगता येणार नाही. एच३१० हे चिपसेटचं, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपचं नाव. तोच चिपसेट घेऊन कंपन्यांनी अनेक वेगवेगळे बोर्ड काढले. काहींवर एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारखा एसएसडी थेट बोर्डवर बसवायची जागा आहे, काहींवर नाहीच. ज्यांवर आहे त्यांतल्या काहींवर तो साटा आणि पीसीआयई (बोर्डवरचा वेगवान डेटा-मार्ग) दोन्ही घेतो, काहींवर एकच. म्हणून पहिलं काम बोर्डचं पूर्ण मॉडेल शोधण्याचं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, एमएसइन्फो३२ असं इंग्रजीत, मधे जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा. उघडणाऱ्या खिडकीत बेसबोर्ड प्रॉडक्ट ही ओळ सापडेल, ते तुमच्या बोर्डचं नाव. त्याच खिडकीत बायोस मोड अशी ओळ आहे (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डमधला प्रोग्राम). तिथे लेगसी (सुरू होण्याची जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी पद्धत) तेही लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मशीन बंद करून, मागची वायर काढून, कॅबिनेटचा डावा पत्रा उघडा. बोर्डवर मॉडेलचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि बऱ्याच बोर्डांवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत रिव्हिजन असते: १.०, १.१, २.०. तिच्याकडे लक्ष द्या. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनमध्ये स्लॉट वेगळे असू शकतात, आणि कंपनीच्या साइटवर दोघांची पानंही वेगळी असतात. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला की दुकानात वाद घालावा लागत नाही.

आता बोर्डवर एम.२ स्लॉट आहे का ते बघा. प्रोसेसरच्या खाली किंवा ग्राफिक्स कार्डच्या लांब स्लॉटच्या आसपास, बोर्डला आडवा झोपलेला, साधारण दोन सेंटीमीटर रुंदीचा बारीक कनेक्टर दिसेल. त्याच्यासमोर ओळीत स्क्रूची दोन-तीन भोकं असतात आणि त्यांच्याशेजारी ४२, ६०, ८० असे आकडे छापलेले असतात. ही ड्राइव्हची मिलिमीटरमधली लांबी. बाजारात सर्रास मिळणारा एसएसडी २२८० मापाचा, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. तुमच्या बोर्डवर ८० चं भोक असेल तर मापाचा प्रश्न मिटला. काही बोर्डांवर वायफाय कार्डासाठी अगदी आखूड एम.२ स्लॉट असतो. तो वेगळ्या खाचेचा असतो आणि त्यात एसएसडी चालत नाही.

माप जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं समजून लोक थांबतात, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात दोन पूर्ण वेगळ्या जातीचे ड्राइव्ह येतात. एक साटा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्याच पद्धतीने बोर्डशी बोलणारा. दुसरा एनव्हीएमई, जो पीसीआयईच्या लेनवरून, म्हणजे डेटाच्या वाटांवरून, बोलतो. दोघांची पट्टी सारखी, स्क्रू तोच, स्टिकरही जवळपास सारखा. स्लॉट फक्त पीसीआयईचा असेल तर साटा ड्राइव्ह त्यात दिसणार नाही. स्लॉट फक्त साटाचा असेल तर एनव्हीएमई दिसणार नाही.

ड्राइव्ह हातात घेतला की सोनेरी टोकांच्या बाजूला खाचा मोजा. एकच खाच असेल आणि तिच्या एका बाजूला पाच टोकं सुटी राहिली असतील तर ती एम की. चार लेनचे एनव्हीएमई ड्राइव्ह असेच असतात. दोन्ही बाजूंना खाचा असतील तर ती बी अधिक एम की. असा ड्राइव्ह बहुतेक वेळा साटाचा निघतो. बहुतेक वेळा म्हणतो, कारण दोन लेनचे काही स्वस्त एनव्हीएमईही दोन खाचांचे आलेले आहेत. म्हणून खाचेवरून अंदाज करा, पण निर्णय मॉडेल नंबर शोधूनच घ्या. डेस्कटॉपवरचा एम कीचा स्लॉट दोन खाचांचा ड्राइव्हही आत घेतो, कुठेही अडत नाही, त्यामुळे बसला म्हणजे चालेल हा समज पक्का होतो.

वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात मला असाच ड्राइव्ह दाखवला होता. स्क्रू नीट बसलेला, पट्टी सपाट, सगळं व्यवस्थित. बायोसमध्ये मात्र त्याचं नावसुद्धा नाही. मालकांनी तो मेला असं धरून बदलून आणायची तयारी केली होती. बाहेर काढला तर दोन खाचा. बोर्डच्या मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटपुढे फक्त पीसीआयई लिहिलेलं. तोच ड्राइव्ह मी एम.२ साटाच्या यूएसबी केसमध्ये घालून लॅपटॉपला लावला, तर लगेच दिसला, पूर्ण तंदुरुस्त. ड्राइव्हही चांगला, बोर्डही चांगला, फक्त दोघांची भाषा वेगळी. दुकानदाराने उघडलेलं पाकीट परत घ्यायला नकार दिला आणि तो ड्राइव्ह शेवटी बॅकअपसाठी वापरात गेला.

म्हणून मॅन्युअलमध्ये एम.२ च्या ओळीत तीन गोष्टी शोधा: कोणती लांबी, साटा की पीसीआयई की दोन्ही, आणि पीसीआयई असेल तर कोणती पिढी आणि किती लेन. त्या ओळीखाली बारीक अक्षरांत टीप असेल तर तीही वाचा. त्या टिपेकडे पुढे येतो.

पिढी आणि लेन यांचा हिशोब असा. एच३१० चिपसेटच्या लेन पीसीआयई २.० च्या आहेत. हा चिपसेट २०१८ मध्ये आला असला तरी त्याच्या लेन जुन्याच पिढीच्या ठेवल्या होत्या. आधीच्या एच११० चंही तसंच. २.० च्या चार लेन मिळाल्या तर कागदावर २००० एमबी प्रति सेकंद, प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी. दोनच लेन दिल्या असतील तर त्याच्या निम्मं. जेन ३ चा चांगला ड्राइव्ह त्याच्या हक्काच्या स्लॉटमध्ये ३५०० च्या आसपास जातो, जेन ४ चा ७००० पर्यंत. म्हणजे दुकानदाराचा जेन ४ तुमच्या बोर्डवर चालेल, कारण पीसीआयई मागच्या पिढ्यांशी जुळवून घेतं, पण फास्ट लोकल स्लो ट्रॅकवर टाकल्यासारखा चालेल. गाडी तीच, वेग ट्रॅकचा.

पण हे आकडे वाचून निराश होऊ नका. तुमचं मशीन ज्या कारणाने रडतंय त्याचा या आकड्यांशी फारसा संबंध नाही. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून जास्त. त्यात सुई योग्य जागी सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवा. म्हणजे एक बारीकशी फाइल शोधायला बारा-तेरा मिलिसेकंद. सेकंदाला फार तर ऐंशी-पंचाऐंशी शोध. विंडोज सुरू होताना, अँटिव्हायरस उठताना आणि टॅली डेटा वाचताना अशा बारीक फाइली हजारोंनी मागितल्या जातात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग मात्र दोन-तीन एमबी, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेलच. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, तिथे तोच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास संपतो. हा फरक साध्या साटा एसएसडीनेही पूर्ण मिळतो. त्याचा वेग ५५० एमबीच्या पुढे जात नाही, तरी सकाळच्या चहाचा वेळ वाचतो. साटावरून एनव्हीएमईवर गेल्याने पुढे जो फायदा होतो तो मोठे व्हिडिओ हलवणाऱ्याला जाणवतो, टॅलीवाल्याला फारसा नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. बोर्डवर पीसीआयईचा एम.२ स्लॉट असेल तर जेन ३ चा, ओळखीच्या कंपनीचा एनव्हीएमई घ्या. वायर लागत नाही, जागा खात नाही. त्याच किमतीत जेन ४ मिळत असेल तर खुशाल घ्या, उद्या मशीन बदलल्यावर त्यात लावता येईल, पण आजच्या बोर्डसाठी त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. स्लॉट नसेल किंवा फक्त साटाचा असेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्या आणि मनात हळहळ ठेवू नका. एच३१० वरचे साटा पोर्ट ६ जीबीपीएसचे आहेत, त्यामुळे तो पूर्ण वेगाने चालेल.

ती बारीक अक्षरांतली टीप. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एखादा साटा पोर्ट चिपसेटच्या एकाच वाटेवर असतात. एम.२ मध्ये साटा जातीचा ड्राइव्ह लावला की अमुक नंबरचा साटा पोर्ट बंद होतो. काही बोर्डांवर एनव्हीएमई लावल्यावरही एक-दोन पोर्ट जातात. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत किंवा छोट्या तक्त्यात लिहिलेलं असतं. ते न वाचता एसएसडी लावला की जुनी हार्ड डिस्क अचानक गायब होते आणि घरात हाहाकार उडतो. वर्तकनगरच्या एका दवाखान्यात याच कारणाने सगळ्या एक्स-रेंचा डेटा गेला असं समजून डॉक्टरांनी मला रात्री बोलावलं होतं. केबल शेजारच्या पोर्टमध्ये घातली, डिस्क परत आली. तुमच्या मॅन्युअलमध्ये अशी टीप दिसली तर जुन्या हार्ड डिस्कची केबल आधीच दुसऱ्या पोर्टवर हलवा.

आता बूटचा मुद्दा. एनव्हीएमईवरून विंडोज सुरू व्हायचं तर बोर्डच्या बायोसला एनव्हीएमई ओळखता आलं पाहिजे आणि विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेलं पाहिजे. तुमच्या बोर्डला ते येतं, काळजी नको. पण तुमचं सध्याचं विंडोज लेगसी पद्धतीने, एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर बसवलेलं असू शकतं. त्या काळात असेंबल करणारे बरेच जण सवयीने तसंच बसवायचे. एमएसइन्फो३२ मध्ये बायोस मोड लेगसी दिसत असेल तर आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलावी लागेल. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टचं एमबीआर२जीपीटी हे साधन सोबतच येतं, ते डेटा न पुसता हे काम करतं. तरीही पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका. रूपांतर झालं की बायोसमध्ये जाऊन सीएसएम ही जुन्या पद्धतीची सोय बंद करून यूईएफआय चालू करायचं, नाहीतर मशीन उठणार नाही.

ही मेहनत आत्ताच करून घ्या असं सांगण्याचं आणखी एक कारण आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा आय५-८४०० विंडोज ११ च्या यादीत बसतो. विंडोज ११ ला यूईएफआय, आणि सुरक्षेसाठीच्या सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सोयी लागतात. टीपीएम तुमच्या बोर्डवर बहुधा बायोसमध्ये इंटेल पीटीटी या नावाने बंद पडून असेल, ते चालू करायचं. जीएसटीचं आणि बँकेचं काम ज्या मशीनवर चालतं ते सुरक्षेच्या अपडेटशिवाय ठेवणं मला पटत नाही. ज्यांच्याकडे सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा इंटेल आहे, त्यांना, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. त्यांनी महागडा ड्राइव्ह घेण्याआधी मशीन अजून किती वर्षं ठेवायचं आहे हे ठरवावं.

अडीच इंची साटा एसएसडीची वेळ आली तर केबलकडे बघा. बोर्डसोबत सहसा दोन साटा केबल येतात आणि त्या हार्ड डिस्कने आणि डीव्हीडी रायटरने अडवलेल्या असतात. डीव्हीडी वापरत नसाल तर त्याचीच केबल आणि पॉवर घ्या. एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) येणारी साटाची मोकळी पिन नसली की दुकानदार मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) साटा करणारा जोड हातात ठेवतो. ज्याचं टोक प्लास्टिकमध्ये एकजीव ओतलेलं असतं असा स्वस्त जोड मी लावत नाही. त्यात आतल्या तारा एकमेकींजवळ सरकून शॉर्ट होतात आणि कनेक्टर जळतो. एसएमपीएसची स्वतःची पिन, किंवा मग तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेला जोड. कॅबिनेटमध्ये अडीच इंचाची जागा नसेल तर साडेतीन इंचाचा ब्रॅकेट मिळतो. स्क्रू मात्र हार्ड डिस्कचे वापरू नका, त्यांचे आटे जाड असतात. एसएसडीला बारीक आट्यांचे, एम३ चे लागतात.

एम.२ चा स्क्रू त्याहूनही बारीक असतो. तो बोर्डच्या खोक्यात छोट्या पुडीत दिलेला असतो आणि सात-आठ वर्षांनी ते खोकं घरात कोणालाही सापडत नाही. ड्राइव्ह घेतानाच दुकानातून एक स्क्रू आणि त्याखालचा उभा नट मागून घ्या. पट्टी साधारण तीस अंशांच्या कोनात स्लॉटमध्ये पूर्ण आत सरकवायची, सोनेरी टोकं जवळपास दिसेनाशी झाली पाहिजेत, मग खाली दाबून स्क्रू. टोकांना घामाचा हात लावू नका. खाडीकाठच्या आपल्या हवेत, पावसाळ्यात तर फारच, धातूच्या टोकांवर थर लवकर चढतो. मशीन उघडलंच आहे तर रॅमची टोकंही खोडरबरने हलकेच पुसून घ्या.

आतापर्यंतचं थोडक्यात: बोर्डचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन, मग एम.२ ची लांबी, जात आणि लेन, मग कोणता साटा पोर्ट बंद होतो ते, मग बूट यूईएफआय आहे की लेगसी. ही चार उत्तरं कागदावर आली की दुकानात जा.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मशीन वेगळी आहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी भराभर सांगतो. एच६१ च्या बोर्डवर चिपसेटचे साटा पोर्ट ३ जीबीपीएसचे आहेत. एसएसडी अर्ध्या वेगाने चालेल, तरी लावा, फरक पडतो. एच८१ वर दोन पोर्ट ६ जीबीपीएसचे आणि दोन ३ चे, केबल योग्य पोर्टमध्ये घाला, अनेक बोर्डांवर त्यांचे रंग वेगळे असतात. या जुन्या बोर्डांवर पीसीआयई कार्डावर एनव्हीएमई लावता येतो आणि विंडोज १० मध्ये तो डेटासाठी दिसतोही, पण त्यावरून बूट साधारणपणे होत नाही. बी५६० किंवा झेड५९० वर दहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर प्रोसेसरजवळचा पहिला एम.२ स्लॉट चालत नाही, तो अकराव्या पिढीसाठीच आहे. ड्राइव्ह दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. बी५५० वर रायझन ५ ५६००जी असेल तर बोर्ड जेन ४ चा असूनही प्रोसेसर जेन ३ चाच आहे, जेन ४ चे जास्त पैसे तिथेही वाया. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल मशीनवर विंडोज बसवताना ड्राइव्हच दिसत नसेल तर बायोसमधलं व्हीएमडी हे इंटेलचं ड्राइव्ह हाताळण्याचं सेटिंग बघा. ते बंद करा किंवा त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या. आणि कंपन्यांतून निघालेले सेकंडहँड ब्रँडेड डेस्कटॉप ज्यांनी घेतलेत त्यांनी पॉवरचं आधी बघावं. त्यांतल्या बऱ्याच मशीनमध्ये ड्राइव्हची पॉवर एसएमपीएसमधून न येता बोर्डवरच्या छोट्या कनेक्टरमधून येते आणि त्याची केबल त्या कंपनीचीच लागते.

खरेदीचं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जा किंवा वाशीत घ्या, मला दोन्ही सारखंच. पण सिरीयल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. चांगल्या ड्राइव्हवर तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी असते. ड्राइव्ह लावल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन उघडा. त्यात ट्रान्सफर मोडपुढे दोन आकडे दिसतात. पहिला, ड्राइव्ह आत्ता कोणत्या वेगाने जोडला गेलाय. दुसरा, त्याला किती झेपतं. तुमच्या बोर्डवर जेन ३ लावला तर पहिल्या जागी पीसीआयई २.० आणि दुसऱ्या जागी ३.० दिसेल, आणि ते बरोबरच आहे. चार लेन लिहिलेल्या स्लॉटमध्ये एकच लेन दिसली तर मात्र पट्टी काढून पुन्हा नीट बसवा. ड्राइव्ह किती तास चालला तेही तिथेच दिसतं. नवा म्हणून घेतलेल्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसले तर त्याच दिवशी परत न्या.

किती जीबीचा घ्यायचा? तुमच्या १ टीबीपैकी वापरलेली जागा बघा. टॅलीच्या ऑफिसात ती क्वचितच २०० जीबीच्या वर असते, त्यामुळे ५०० जीबी पुरेल, जुनी डिस्क बॅकअपला राहील. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची नव्या ड्राइव्हवर हुबेहूब नक्कल, करणाऱ्यांनी एक बघून ठेवा: क्लोनझिला हे क्लोनचं साधन नेहमीच्या पद्धतीत मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर क्लोन करत नाही, वापरलेली जागा कितीही कमी असो. ५०० जीबीच्या डिस्कवरून ४८० जीबीच्या एसएसडीवर जातानाही ते अडतं. आधी पार्टिशन आक्रसून घ्यावी लागतात. एसएसडी कंपन्यांची स्वतःची क्लोनची साधनं हे सहसा आपोआप सांभाळतात.

रॅमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडाही बघा. टॅली, ब्राउझर आणि एक्सेल उघडल्यावर तो ९० टक्क्यांच्या वर जात असेल तर एसएसडीने अर्धंच दुखणं जाईल, अजून एक ८ जीबीची पट्टी लागेल.

काम सुरू करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुन्या हार्ड डिस्कची तब्येत बघा. रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरच्या (डिस्कच्या खराब किंवा संशयास्पद भागांच्या) ओळीपुढे पिवळा ठिपका असेल तर क्लोन सुरूच करू नका. पूर्ण डिस्क सलग वाचण्याच्या ताणाने अशी डिस्क मधेच मान टाकते. आधी टॅलीचा डेटा फोल्डर, रिटर्नच्या फाइली आणि डेस्कटॉपवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग नव्याने विंडोज बसवा. डिस्क निरोगी असेल तर क्लोन करा, तुमच्यासारख्या ऑफिसला ते सोयीचं, कारण डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे ड्रायव्हर, प्रिंटर, जीएसटीची साधनं सगळं जसंच्या तसं येतं. टॅलीचं लायसन्स मात्र दोन्ही वेळी आधी सरेंडर करा आणि नव्या ड्राइव्हवर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर तो थांबवून रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

क्लोन झाल्यावर मशीन बंद करा, जुन्या हार्ड डिस्कची केबल काढा आणि पहिल्यांदा फक्त एसएसडीवर सुरू करा. दोन्ही एकत्र ठेवले तर मशीन जुन्याच डिस्कवरून उठतं आणि तुम्हाला वाटतं काही फरकच पडला नाही. टॅली उघडून शेवटचं व्हाउचर, जीएसटीच्या साइटवर सिग्नेचर, एक प्रिंट, एवढं तपासा. रिटर्नची तारीख जवळ असेल तर ती जाऊ द्या आणि मग हे काम शनिवारी दुपारी काढा. जुनी डिस्क पुढच्या महिन्याचं रिटर्न भरून होईपर्यंत न पुसता, कपाटात, नाव-तारीख लिहून ठेवा. बोर्डचं मॉडेल, रिव्हिजन आणि मॅन्युअलमधल्या एम.२ च्या पानाचा फोटो मला पाठवलात तर कोणता ड्राइव्ह घ्यायचा ते मी नावानिशी सांगेन.